गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये ऑपेरा खरोखर होत असे काय?

दादरकर: चर्नी रोडला उतरून हिरेबाजाराकडे जाताना मी ही इमारत वर्षानुवर्षे कुलूपबंद पाहिली. घरातली वडील माणसे मात्र तिचा उल्लेख थिएटर म्हणूनच करीत आणि तिथे पाहिलेल्या सिनेमांच्या आठवणी सांगत. मग नावात 'रॉयल' आणि 'ऑपेरा' कुठून आले, आणि तिथे मराठी संगीत नाटके होत असत हे खरे काय?

रंगमंचप्रेमी: 'रॉयल' हे ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज याच्यामुळे. कलकत्त्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि मुंबईचे पारशी कोळसा-दलाल जहांगीर फ्रामजी कराका यांनी ही वास्तू उभारायला घेतली. १९११ मध्ये राजाच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा बांधकाम पुरे व्हायचे होते. राजाचा मुहूर्त साधला, गवंडी मात्र त्यानंतरही कामावरच होते! ऑपेरा आणि परदेशी मंडळ्यांचे प्रयोग इथे होत असत, पण ते प्रेक्षक मूठभर. आपल्या लोकांनी इथे ऐकले ते बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ, पुढे पृथ्वीराज कपूर यांच्या मंडळीची नाटकेही पाहिली. ध्वनिक्षेपकाशिवाय मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा अशीच ही वास्तू बांधलेली होती, आणि ते नाट्यगीतांच्या पथ्यावर पडले असणार.

भायखळेकर: एक भर घालतो. तिथली झुंबरे ससून घराण्याने दिलेली आहेत आणि ती त्यांच्या भायखळ्याच्या बंगल्यातून आली. त्या बंगल्यात आज मसीना रुग्णालय आहे. बोलपटांचा जमाना आल्यावर इमारत चित्रपटगृह झाली आणि त्या बदलांत बाजूचे सज्जे काढून टाकले गेले, हे मला सर्वांत जास्त खटकते. १९५२ मध्ये गोंडलच्या राजघराण्याने ती घेतली. १९९३ मध्ये ती बंद पडली.

दादरकर: मग ते सज्जे आज पुन्हा कसे दिसतात?

भायखळेकर: ते नव्याने घडवलेले आहेत. जीर्णोद्धाराचे काम वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे होते. त्यांनी जुनी छायाचित्रे समोर ठेवून सज्जे पुन्हा उभे केले आणि रंगांचे थर खरवडून मूळ छटा शोधल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये दारे उघडली, तेव्हा मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो (उंच पट्टीत गाणाऱ्या ऑपेरा गायिका) पॅट्रिशिया रोझारिओ यांचे गायन झाले. आता सुमारे ५७५ आसने आहेत. जायचे ठरवलेत तर खुर्चीत बसण्याआधी घुमटाकडे अवश्य पाहा; त्याच्या आठ भागांत कवी, कादंबरीकार आणि नाटककारांना मानवंदना दिलेली आहे.