मदत हवी आहे: नवी गाडी चढावर बंद पडते, आणि भाऊबीजेला कुंभार्ली घाट उतरायचाय

अजिंक्यताराखाली:

नमस्कार मंडळी. दसऱ्याला गाडी घेतली. पेट्रोल, १.२ लिटर, हाताने गिअर टाकायची, छोटी हॅचबॅक. आज ३४० किमी झालेत. त्यातले २८० नवऱ्याचे आणि उरलेले माझे, तेही बहुतेक पहाटे साडेपाचला, रस्त्यावर कुत्रीसुद्धा झोपलेली असताना.

माझं लायसन्स २०१२ चं. क्लासच्या गाडीवर शिकले, आरटीओत परीक्षा पास झाले आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. स्कूटी होती, भागत होतं. आता शाळा बदलली, रोजचे बावीस किमी आहेत आणि पावसाळ्यात स्कूटीवर हाल होतात, म्हणून हा घाट घातला.

मुख्य अडचण आमच्या बिल्डिंगच्या रॅम्पची. पार्किंग खाली, रस्ता वर. वरच्या तोंडाशी कायम कोणीतरी स्कूटर लावलेली असते, त्यामुळे मधेच थांबावं लागतं. परत उचलायला गेले की गाडी धक्का देऊन बंद. पाच वेळांतून तीनदा तरी. परवा हातभर मागे सरकली, मागे शेजाऱ्यांची गाडी होती, माझे हात गार पडले. त्यानंतर मी घाबरून ॲक्सिलरेटर जास्त दिला तर जळकट वास आला. तो वास कसला हे कोणी न सांगताही कळलं.

दुसरं, रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो. दर वेळी नाही, पण येतो. नवरा चालवतो तेव्हा कधीच येत नाही, हे तो रोज न चुकता सांगतो.

तिसरं म्हणजे 'गाडी रनिंग-इनला आहे' (नवं इंजिन रुळेपर्यंत जपून चालवायची) यावर प्रत्येकाचं वेगळं शास्त्र. शोरूमचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आता सगळं कंपनीतच होऊन येतं, बिनधास्त चालवा." मामेसासरे म्हणतात हजार किमीपर्यंत पन्नासच्या वर काढायची नाही. धाकटे दीर म्हणतात हायवेला नेऊन एकदा चांगली ताणा, इंजिन मोकळं होतं, नाहीतर जन्मभर पिकअप मिळणार नाही. मी कोणाचं ऐकू?

आणि चौथं. भाऊ चिपळूणला. भाऊबीजेला सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट असं जायचंय. चौघं आणि सामान. इतक्या नव्या गाडीला घाट चालतो का? हायवेपर्यंत मी चालवेन म्हणते, घाटात नवरा.

एक बारीकसं: ८० च्या पुढे काटा गेला की गाडी टुंग करते. इंजिनला त्रास होतोय म्हणून का?

दोनचाकी:

शेवटच्या प्रश्नाचं आधी, कारण तेवढंच मला येतं. तो टुंग सरकारी आहे. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या सगळ्या गाड्यांत ८० ओलांडलं की इशारा वाजतो आणि १२० च्या वर सतत वाजत राहतो. इंजिनचं काही दुखत नाही.

फियाटकाका:

अभिनंदन! पेढे कुठायत?

आमच्या वेळी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' असं लिहून लावायचे, म्हणजे मागचा हॉर्न मारणार नाही. चाळीसच्या वर गाडी काढली की वडील नुसते बघायचे. मामेसासऱ्यांचं ऐका. पाचशे-सहाशे किमी तरी घाट नकोच. दिवाळीला एसटी असतेच की.

ग्रीसहात:

काका, मान राखून असहमत. तुमच्या फियाटच्या काळातलं मशीनिंग आणि ऑइल वेगळं होतं. पण ते नंतर बोलू.

ताई, आधी एक सांगा. गाडी बहुतेक वेळ साहेब चालवतात. त्यांची उंची किती? आणि तुम्ही बसल्यावर सीट पुढे ओढता का?

अजिंक्यताराखाली:

तो सहा फूट. मी पाच-एक. सीट थोडी पुढे घेते... म्हणजे पाय पोचेपर्यंत. जास्त पुढे घेतली की स्टिअरिंगला चिकटल्यासारखं वाटतं. याचा काय संबंध?

ग्रीसहात:

तुमचे रॅम्प आणि रिव्हर्स हे दोन्ही प्रश्न तिथेच अडकलेत असं मला वाटतंय. आज खाली जाऊन हे करून बघा. पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवून बसा. डाव्या पायाने क्लच एकदम तळाला दाबा. तळाला म्हणजे खालच्या चटईपर्यंत. त्या अवस्थेत गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ काठीसारखा होत असेल किंवा कंबर सीटवरून पुढे घसरत असेल, तर सीट अजून पुढे हवी. मग पाठ न उचलता हात पुढे करा, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. नाही टेकलं तर सीटची पाठ उभी करा. छाती आणि स्टिअरिंगमध्ये वीतभर आणि वर दोन-तीन बोटं अंतर ठेवा, एअरबॅगला उघडायला जागा लागते. सीटला उंचीचा दांडा असेल तर वर घ्या, बुटक्या माणसाला बॉनेट दिसू लागलं की अर्धी भीती जाते. आरसे सगळ्यात शेवटी.

आता कारण. पाय लांब ताणून क्लच दाबला तर तो पूर्ण दाबलाच जात नाही, बोटांनी ढकलला जातो. इंजिन गिअरबॉक्सपासून पुरतं सुटत नाही, आतला शाफ्ट फिरत राहतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअरच्या दात्यांचा वेग जुळवून देणारा भाग) नसतो, म्हणून दाते एकमेकांवर घासतात आणि तुमचा कर्रर्र येतो. गाडी पूर्ण थांबू द्या, क्लच तळाला, मनात तीन मोजा, मग रिव्हर्स. नाही गेला तर जोर लावू नका. न्यूट्रल करून क्लच सोडा, परत दाबा, परत टाका.

रॅम्पवरही तेच. ताणलेल्या पायाने क्लच हळूहळू सोडताच येत नाही, तो सुटतो. टाच जमिनीला टेकलेली असली की पाय घोट्यातून वाकतो आणि एकेक सूत वर येतो.

पायात काय घालता?

अजिंक्यताराखाली:

चपला. 🙈

ग्रीसहात:

गाडीत एक जुने कॅनव्हासचे बूट ठेवा. चप्पल निसटून ब्रेकखाली गेली तर तो दिवस विसरणार नाही. पाण्याची बाटलीही ड्रायव्हरच्या पायाशी ठेवू नका, आणि शोरूमच्या चटईवर दुसरी रबरी चटई टाकली असेल तर एक काढा. पेडलखाली काही अडकणं ही मला सगळ्यात भीतिदायक गोष्ट वाटते, कारण अशा वेळी माणूस खाली बघतो.

अजिंक्यताराखाली:

बघून आले. सीट तब्बल चार खाचा पुढे गेली! म्हणजे मी इतके दिवस अर्धी झोपून गाडी चालवत होते. दोन चटया होत्या, एक काढली. रिव्हर्स दहा वेळा टाकला, एकदाही आवाज नाही. नवऱ्याला बोलावून दाखवलं. पण रॅम्पवर अजून दोनदा बंद पडली.

ग्रीसहात:

रॅम्प आठ दिवस विसरा. सपाट मोकळी जागा शोधा. पहिला गिअर, ॲक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावायचाच नाही. नुसता क्लच सोडत गाडी मुंगीसारखी चालवायची. आजची पेट्रोल गाडी सपाटीवर तेवढ्यावर निघते. वीस वेळा करा. क्लच कुठे 'पकडतो' ते पायाला कळेल: इंजिनचा आवाज जड होतो, आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा जरा खाली येतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. क्लासच्या गाडीत ही जागा वेगळी होती, नव्या गाडीत वेगळी आहे. तुमचा पाय अजून २०१२ मध्ये आहे.

मग रॅम्प, सकाळी, मागे कोणी नसताना. हँडब्रेक वर. पहिला गिअर. ॲक्सिलरेटर हलका, काटा १५०० ते १८०० च्या मधे. क्लच पकडेपर्यंत सोडा आणि तिथेच पाय थांबवा. गाडी हँडब्रेकला ओढू लागली की बटण दाबून हँडब्रेक खाली. गाडी हलल्यावरही क्लच लगेच सोडायचा नाही, दोन-तीन मीटर जाऊ द्या. बहुतेक जण नेमके इथे फसतात. गाडी हलली की हुश्श करतात आणि पाय उचलतात.

मागे सरकली तर पुन्हा प्रयत्न नको, सरळ ब्रेक. आणि वरची स्कूटर हलेपर्यंत गाडी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा सोडून, तोलून धरू नका. हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा. तुमचा जळका वास याचाच. वास आला तर दहा मिनिटं उभी करा. एकदोनदा झालं म्हणून नवी क्लच प्लेट मरत नाही, रोज झालं तर मरते.

दोनचाकी:

हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) आहे का गाडीत? सध्या बऱ्याच गाड्यांत येतो.

अजिंक्यताराखाली:

पुस्तकात पाहिलं. आहे म्हणे! मला कोणी सांगितलंच नाही. गाडीची चावी देताना तो मुलगा पाऊण तास ब्लूटूथ जोडून देत होता.

ग्रीसहात:

😀 मग ब्रेकवरून पाय काढल्यावर साधारण दोन सेकंद गाडी जागेवर धरली जाते. चांगली सोय आहे, पण चढ कमी असेल तर ती चालू होत नाही, त्यामुळे हँडब्रेकची सवय हातात असूच द्या.

आता रनिंग-इन. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक आडव्यातिडव्या रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासून बसतात, म्हणजे गॅस निसटत नाही आणि ऑइल वर चढत नाही. रिंग भिंतीवर दाबते ती आतल्या गॅसच्या दाबाने. म्हणून इंजिनला थोडं काम दिलंच पाहिजे, नुसतं पन्नासने सरकवत राहिलं तर रिंगा नीट बसत नाहीत. उलट दीरांसारखं ताणलं तर नव्या पृष्ठभागांत उष्णता वाढते. दोघांच्या मधलं चालतं: पहिले हजार किमी पेडल तळापर्यंत दाबायचं नाही, आरपीएम साधारण तीन हजारांच्या आत, कधीमधी वर गेलं तर आकाश कोसळत नाही. एकाच वेगाने तासभर जायचं नाही. उभ्या गाडीत दहा-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं नाही. चौथ्या गिअरवर तीसने घुर्रघुर्र करत ओढायची नाही, हे तर जास्त वाईट, आणि ॲव्हरेजच्या लोभाने आपल्याकडे सगळे तेच करतात. तुमच्या पुस्तकात नेमका आकडा असेल, तो माझ्यापेक्षा वरचा.

इंजिनाइतकंच ब्रेकलाही बसायला वेळ लागतो. पहिल्या तीनेकशे किमीत पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळतात. टायरही सुरुवातीला गुळगुळीत असतात. तुमचे ३४० झालेत, त्यामुळे ती बाजू बरी आहे. हवा मात्र थंड टायरवर तपासा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. शोरूममधून आलेल्या गाडीत कधी कधी जास्त भरलेली असते.

कोयनाकाठ:

घाटाचं मी सांगतो, आमचा रोजचा रस्ता. ताई, तुम्ही चढाची काळजी करताय, पण साताऱ्याकडून जाताना कुंभार्ली हा उतार आहे. कोयनानगर, हेळवाक सोडलं की पोफळीपर्यंत उतरत जायचं. चढ येताना. म्हणजे जाताना प्रश्न ब्रेकचा आहे.

ज्या गिअरमध्ये चढावी लागेल त्याच गिअरमध्ये उतरवा, दुसरा-तिसरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबा, वेग पाडा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या. न्यूट्रल तर बिलकूल नाही. त्यात पेट्रोलही वाचत नाही: गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजचं इंजिन पेट्रोल तोडतं, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला पीत राहतं. आणि इंजिन बंद करून उतरणारे महाभाग अजून आहेत. त्यांना ब्रेक दगडासारखा लागतो तेव्हा कळतं.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. वळणावर हॉर्न, ओव्हरटेक नाही, समोरून ट्रक आला तर त्याचं मागचं चाक आत येतं, त्याला जागा सोडा. सकाळी धुकं असतं, लाईट लोअरवर ठेवा, अप्पर टाकला की समोर पांढरी भिंत उभी राहते.

अचानक जोरात ब्रेक मारावा लागला तर पाय उचलू नका. एबीएसमुळे (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे) पेडल पायाखाली थरथरतं, नवीन माणसाला वाटतं काहीतरी तुटलं आणि तो ब्रेक सोडतो. थरथरू द्या, दाबून ठेवा, स्टिअरिंग फिरवा.

गाडीचं म्हणाल तर घाटापेक्षा मला उंब्रजपर्यंतचा हायवे जास्त खटकतो. तिथे एका वेगाने पळवायचा मोह होतो.

फियाटकाका:

बरं बाबांनो, मी हरलो. पण पेढे राहिलेच.

अजिंक्यताराखाली:

मंडळी, जाऊन आलो.

हायवेला ६० ते ८० असं वर-खाली करत नेली, मागून येणाऱ्यांनी बहुतेक शिव्या दिल्या असतील. पाटणला चहाला थांबलो तिथे नवऱ्याने चावी मागितली आणि मी दिली नाही. कोयनानगरपर्यंत मीच. घाट मात्र त्याने उतरवला, तिसऱ्यात आणि दोन वळणांवर दुसऱ्यात, पोफळीला उतरून चाकाजवळ वाकलो तर कसलाही वास नाही. येताना चढ त्याचाच. चौघं आणि भावाने दिलेली नारळांची पोती, तरी दुसऱ्यात गाडी निमूट चढली. त्याला चौथा टाकायची फार घाई असते, ते मी दोनदा बोलून दाखवलं.

रॅम्प: गेल्या सहा दिवसांत एकदा बंद पडली, तीही मोबाईल वाजला म्हणून.

आता काटा ६४० वर आहे. पहिली सर्व्हिसिंग '१००० किमी किंवा १ महिना' लिहिलीय. महिना परवा भरतोय. हजार होईपर्यंत थांबू का? आणि दीर म्हणतात तेव्हाच ऑइल बदलून घे.

ग्रीसहात:

जे आधी होईल ते. परवा न्या. पहिल्या खेपेला बहुतेक कंपन्या नुसती तपासणी करतात, ऑइल पुढे १०,००० किमी किंवा वर्षाला. हौसेने आधी बदलायचं असेल तर बदला, पण पुस्तकातल्याच ग्रेडचं घाला आणि पावती जपून ठेवा. सीट कव्हर गळ्यात मारतील. सीटमध्ये एअरबॅग असेल तर तिच्या बाजूला शिवण उघडणारं कव्हर आहे का ते विचारून मगच घ्या.

अजिंक्यताराखाली:

घेतलेत हो आधीच. उद्या जाऊन विचारते.