‘ताण घेऊ नका’ या सल्ल्याचे काय करावे?

प्रश्न
आमचे वंध्यत्वावरील उपचार सुरू आहेत. शुक्राणूंची संख्या कमी असल्याचे तपासणीत आढळले, म्हणजे कारण माझ्याकडे आहे. तरीही इंजेक्शने पत्नीलाच सोसावी लागतात, त्यामुळे स्वतःच्या दुःखाविषयी बोलण्याचा मला अधिकारच नाही, असे वाटत राहते. ती रडते तेव्हा मी गप्प बसतो आणि तिला ती बेफिकिरी वाटते. त्यातच सगळे सांगतात, ‘ताण घेऊ नका, आपोआप होईल.’ ताणामुळे उपचार खरोखरच फसतात का?

उत्तर १
तसे मानण्यास भक्कम आधार नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. उपचारापूर्वीची चिंता किंवा नैराश्य यांचा त्या आवर्तनात (म्हणजे उपचाराच्या त्या फेरीत) गर्भधारणा होण्या-न होण्याशी संबंध आढळला नाही. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो (बहुतेकदा), पण ऐकणाऱ्याच्या दुःखात ‘आपणच शांत राहिलो नाही’ या अपराधीपणाची भर पडते.

उत्तर २
मी समुपदेशक आहे. मृत्यूनंतरच्या शोकाला काही काळाने उतार पडतो. इथे मात्र दर महिन्याला आशा नव्याने जागी होते आणि पाळी आली की नव्याने मोडते, म्हणून शोक पुरा होतच नाही. भ्रूण गर्भाशयात सोडल्यापासून चाचणीपर्यंतचे सुमारे दोन आठवडे अनेकांना सर्वांत जड जातात, कारण तोवर रोज काही ना काही करायचे असते आणि मग अचानक नुसती वाट पाहणे उरते. तुमचे गप्प राहणे हीदेखील शोक करण्याचीच एक रीत आहे, परंतु ते पत्नीला सांगितल्याशिवाय कळणार नाही. अपराधीपणा वाटतो, हे आधी तिलाच सांगा. या विषयावर बोलण्यासाठी रोज ठरावीक वेळ ठेवल्यास उरलेला दिवस मोकळा राहतो. झोप व भूक बराच काळ हरवली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा; जगणे नकोसे वाटू लागल्यास मात्र क्षणभरही थांबू नका.

उत्तर ३
ठरावीक वेळेचा उपाय आम्हा दोघांना जमला नाही. घड्याळ लावून रडू येत नाही. उपयोग झाला तो किती आवर्तने करायची हे आधीच ठरवून ठेवण्याचा, कारण अपयशाच्या दिवशी असा निर्णय धड घेता येत नाही. नवजात बाळाला पाहायला जाणे आम्ही काही काळ टाळले. त्याला मत्सर म्हणणारे भेटले, पण आम्ही खुलासा देत बसलो नाही. नातेवाइकांच्या चौकशांना उत्तर देण्याचे काम तुम्ही स्वतःकडे घ्या. इंजेक्शने तुम्हाला घेता येणार नाहीत, हे मात्र नक्की करता येईल.