ज्येष्ठांचे प्रयोग लागलेत, पण ऐकू काय येणार?

तिसरी घंटा

नाट्यगृहाच्या बोर्डावर पुढच्या दोन महिन्यांचे कार्यक्रम लागले आहेत. पंचाहत्तरीचे एक नट दोन अंकी नाटकात, एक ज्येष्ठ गायिका 'सुवर्णकाळ' छापाच्या गाण्यांच्या कार्यक्रमात आणि एक जुने विनोदी नट एकपात्री घेऊन. जाहिरातीत नाव ठळक, फोटो तीस वर्षांपूर्वीचा.

माझं स्पष्ट मत आहे की आवाज गेला, पाठांतर गेलं की थांबावं. गालाला माइक चिकटवायचा, कानात वाक्यं सुचवणारं प्रॉम्प्टरचं यंत्र घालायचं, मागे आधीच ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक लावायचा आणि वर प्रेक्षकाने 'या वयातही!' म्हणून टाळ्या वाजवायच्या, ही नावाची विक्री झाली. विक्रम गोखले यांनी घशाच्या दुखण्यामुळे २०१६ साली रंगभूमीवरून निवृत्ती घेतली. कॅमेऱ्यासमोर काम करत राहिले, पण नाटक नाही. प्रेक्षकाचा मान ठेवणं म्हणतात ते हे.

विंगेतला

सोडून देणार होतो, पण 'गालाला माइक चिकटवून' वाचलं आणि राहवलं नाही.

वयाने आवाजाला काय होतं ते आधी समजून घ्या. स्वरतंतू पातळ होतात, बोलताना पुरते मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते. पुरुषाचा आवाज थोडा वर सरकतो, बाईचा खाली उतरतो आणि दोघांचीही फेक कमी होते. फेक कमी झाली म्हणजे अभिनय संपला का? आठशे-हजार खुर्च्यांच्या सभागृहात पंचविशीतल्या नटालाही आज कोणी उघड्या गळ्याने बोलायला लावत नाही. त्याच्याही पायाशी माइक असतोच, फक्त तुम्हाला दिसत नाही.

आता त्या पायाशी असलेल्या माइकचं गणित बघा. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीलगत तीन किंवा पाच माइक, त्यांनाच फूट माइक म्हणतात. ४ फुटांवरून बोलणारा नट ८ फुटांवर गेला की माइकवर ६ डेसिबल पडतात, १६ फुटांवर गेला की १२. आणि आपल्या नाटकातला सोफा कुठे असतो? पार मागच्या भिंतीला. म्हणून तर महत्त्वाचं वाक्य आलं की नट उठतो, पुढे येतो आणि बायकोला सांगायचं ते प्रेक्षकांना सांगतो. साउंड ऑपरेटर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर ढकलतो, स्पीकरमधून शिट्टी वाजते, तो घाबरून खाली आणतो. पाचही माइक एकदम उघडे ठेवले तर एका माइकला जेवढं उचलता आलं असतं त्यापेक्षा ७ डेसिबल कमीच हाती लागतात. पंचाहत्तरीच्या माणसाला या गणितात उभं करायचं आणि वर म्हणायचं, आवाज गेला!

गालावरचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर असतो. नट हळू बोलला तरी शेवटच्या रांगेपर्यंत श्वास पोचतो. कुजबुज कुजबुजीसारखी करता येते. ज्येष्ठ नटाची खरी कमाई तिथेच असते, आरडाओरडा करण्यात नाही.

रांग एच, १२

तुमच्या तोंडात साखर, पण प्रत्यक्षात काय होतं ते प्रेक्षकाला विचारा. दोन पात्रं मिठी मारतात आणि दोघांचा आवाज डब्यातून यायला लागतो. नायिकेचं मंगळसूत्र छातीवरच्या माइकवर आपटतं, टक् टक्. सिल्कचा कुर्ता हलला की खसखस. दुसऱ्या अंकात घामाचा एक थेंब माइकच्या जाळीत गेला की 'स', 'च', 'ट' सगळे गायब, नुसतं गुणगुणणं. त्यापेक्षा फूट माइक बरे. निदान सगळे सारखेच वाईट ऐकू येतात.

विंगेतला

हा माइकचा दोष नाही, तो लावणाऱ्याचा आहे. छातीवर लावतातच का? हनुवटीच्या सावलीत वरची कंप्रता, म्हणजे आवाजातला तीक्ष्ण भाग, अडते, मान खाली घातली की आवाज फुगतो, वळवली की पडतो. कपाळावर केसांच्या रेषेत लावा, टोपाखाली असेल तर फारच उत्तम. तार मानेमागून खाली, दोन ठिकाणी मायक्रोपोर, म्हणजे कातडीला लावायचा कागदी टेप. टेप मेकअपच्या आधी लावायचा, फाउंडेशनवर तो धरत नाही. ट्रान्समीटर कमरेला मागे, पट्ट्याच्या पाकिटात. नऊवारीत कासोट्याखाली खोचला तर पहिल्याच बैठकीला घसरतो. सेल प्रत्येक प्रयोगाला नवे घालायचे, 'कालचेच आहेत, दोन तासच वापरलेत' हे चालत नाही.

मिठीचं म्हणाल, तर एकच आवाज दोन माइकमध्ये किंचित पुढेमागे पोचतो आणि काही कंप्रता एकमेकींना खातात. उपाय फुकट आहे. ऑपरेटरपुढे संहिता हवी, मिठीच्या जागी खूण हवी आणि तेवढ्यापुरता एक फेडर खाली हवा. पण आपल्याकडे ऑपरेटरला संहिता कोण देतो? तो पडदा उघडल्यावर तुमच्याबरोबरच नाटक बघत असतो.

काळी पाच

माइकवरून हातघाईवर येण्याआधी गाण्याच्या कार्यक्रमाचं बोला. तिथे घंटाराव म्हणतात ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं म्हणजे नेमकं कुठलं ते सांगतो.

वय झालं की पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, उतरते. पूर्वी पेटीच्या काळी दोनमध्ये गाणारी व्यक्ती काळी एकवर येते, पुढे पांढरी एकवर. यात लाज कसली? पेटीवाला बोटं सरकवून मोकळा होतो. पण बासरीवाल्याला दुसरी बासरी घ्यावी लागते आणि तबलजीला दुसरा तबला. चढ्या पट्टीला लहान तोंडाचा, उतरत्या पट्टीला मोठ्या तोंडाचा. एकच तबला हातोडीने ठोकून दीड-दोन सूर खाली आणला की वाद्या, म्हणजे कडेच्या चामडी पट्ट्या, सैल पडतात आणि चाट, म्हणजे काठावरचा बोल, बसकी वाजते. संयोजक वाद्यवृंदाला पट्ट्यांची यादी आदल्या दिवशी संध्याकाळी पाठवतात, तिथे पहिली माती होते.

दुसरी माती ट्रॅकची. आवाज नसलेला ट्रॅक लावून वर खरंच गाणं, हे समजू शकतो. पण ज्येष्ठ कलाकार कधी कडवं विसरतो, कधी श्वासासाठी अर्धी मात्रा थांबतो, कधी मनात आलं म्हणून एखादी ओळ तिसऱ्यांदा घेतो. बसलेले वादक त्याच्याबरोबर थांबतात. ट्रॅक थांबत नाही. तो गायकाला फरफटत पुढे नेतो आणि प्रेक्षक म्हणतात, 'बाई ताल चुकल्या.' ताल त्या चुकत नाहीत, ज्याने चार वादकांचं मानधन वाचवलं तो चुकवतो. मूळ ट्रॅक संगणकात दोनाहून अधिक अर्ध्या सुरांनी उतरवला की ढोलकीचा कडकपणा जातो, ते वेगळंच.

आवाजासकट ट्रॅक लावून ओठ हलवणं मात्र फसवणूकच. ओळखायचं कसं? हातातला माइक तोंडापासून लांब नेला तरी आवाज तेवढाच राहतो, आणि दोन ओळींमधला श्वास ऐकू येत नाही.

तिसरी घंटा

वा. म्हणजे मी जे एका वाक्यात म्हटलं ते तुम्ही तीन परिच्छेदांत मान्य केलंत. आभारी आहे.

काळी पाच

तुम्ही म्हटलंत 'थांबावं'. मी म्हणतोय 'वादक आणा'. एवढाही फरक कळत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

ग्रीनरूम

प्रॉम्प्टरवर कुणी बोललंच नाही, सगळे माइकला लोंबकळताय. विंगेतून प्रॉम्प्टिंग ही काय आजची गोष्ट आहे? संगीत नाटकाच्या काळापासून चालत आलं आहे. बालगंधर्व साठी उलटल्यावरही स्त्रीवेषात उभे राहत, आणि लोक जात. घंटारावांनी त्यांनाही घरी बसवलं असतं.

चांगला प्रॉम्प्टर पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द देतो, आख्खं वाक्य नाही. नटाचा ठरलेला विराम कुठला आणि अडलेला विराम कुठला, हे त्याला तालमीत बसल्याशिवाय कळत नाही. आयत्या वेळी बॅकस्टेजच्या पोराच्या हातात वही देतात. तो विरामातच वाक्य फेकतो, कडेचा फूट माइक ते उचलतो आणि पहिल्या पाच रांगांना नाटक दोनदा ऐकू येतं.

कानातल्या यंत्राचं तर बोलूच नका. वयाने आधी उंच कंप्रता ऐकू येणं कमी होतं, म्हणजे नेमकी व्यंजनं. 'काप', 'ताप', 'पाप' यांत फरक कळत नाही. त्यात एक कान बुजवला की समोरच्या नटाचं वाक्यही अर्धंच पोचतं. मग म्हातारा माणूस गोंधळतो आणि तुम्ही म्हणता पाठांतर गेलं. पोपडे धरलेल्या पायऱ्यांवरून अंधारात एंट्री करायला लावता, पायऱ्यांच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवायचं कुणाला सुचत नाही. दुपारी चारचा प्रयोग, लगेच साडेआठचा, मधे प्रेक्षकांबरोबर फोटो. घसा बसणार नाही तर काय होणार? ज्येष्ठांना दिवसाला एकच प्रयोग द्या, दुपारचा. आणि बदली नट तयार ठेवा. तो खर्च नको म्हणून तापातही उभं करतात.

तिसरी घंटा

बालगंधर्व मधे आले की चर्चा संपते, नाही का? लोक प्रेमाने जात. प्रेमाने जाणं आणि चांगलं ऐकू येणं यात फरक आहे. त्या प्रेमाचं तिकीट छापून आपल्या खिशात घालणारा निर्माता आज कमी नाही, माझा राग त्याच्यावर आहे. आणि 'तो मी नव्हेच' १९६२ साली आलं तेव्हा फिरता रंगमंच होता, पण तो पात्राला वेश बदलून पुढच्या प्रवेशात वेळेवर उभं करायला. नटाची दमछाक झाकायला नव्हे. पाच-पाच रूपं उभी करायला ताकद लागते, ती नसेल तर तशी भूमिका घेऊ नये.

ग्रीनरूम

मग हे आधीच म्हणायचं होतंत. 'थांबावं' आणि 'तशी भूमिका घेऊ नये' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. अभिवाचन ठेवा, गप्पांचा कार्यक्रम ठेवा, हातात वही घेऊन बसू द्या. नव्वद मिनिटं, मध्यंतर नको. मध्यंतरानंतर ज्येष्ठ कलाकाराचा आवाज पुन्हा तापायला दहा मिनिटं जातात आणि प्रेक्षक वडा संपवत पाच मिनिटं उशिरा येतो ते निराळंच.

रांग एच, १२

उशिरा येणाऱ्यांवर स्वतंत्र ग्रंथ होईल. मोबाइलचा टॉर्च थेट नटाच्या डोळ्यांत. असो.

विंगेतले, उत्तर राहिलं. तुमचा कपाळावरचा माइक, नवे सेल, मायक्रोपोर सगळं खरं मानू. बाल्कनीखालच्या रांगांचं काय? तिथे प्रत्येक शब्द दोनदा येतो. हाही माइक लावणाऱ्याचा दोष का?

विंगेतला

नाही, हा स्पीकर लावणाऱ्याचा. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. बाल्कनीखालचा छोटा स्पीकर मुख्य स्पीकरपासून २० मीटरवर असेल तर तो ६० मिलिसेकंदांनी मागे ठेवायचा, वर आणखी दहा-पंधरा. मग कान आवाज रंगमंचाकडूनच आला असं समजतो आणि छोटा स्पीकर फक्त शब्द स्पष्ट करतो. बहुतेक ठिकाणी हा उशीर दिलेलाच नसतो. छोटा स्पीकर आधी बोलतो, मोठा नंतर. तरुण कान ते सांभाळून घेतो. ज्येष्ठांच्या कार्यक्रमाला येणारा प्रेक्षकही ज्येष्ठच असतो, त्याला नुसता कालवा ऐकू येतो. तो घरी जाऊन सांगतो, 'आता त्यांचं बोलणं कळत नाही हो.'

रांग एच, १२

म्हणजे नट ठीक, माइक ठीक, ऑपरेटरकडे संहिता नाही, स्पीकरला उशीर नाही, तबला चुकीच्या पट्टीचा आणि प्रॉम्प्टर नवखा. मग तिकीट काढायचं की नाही, एवढंच सांगा.

विंगेतला

नाटकाला खालच्या मजल्यावर पाचवी ते दहावी रांग, मधली. पहिल्या तीन रांगा नको, मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून निघून जातो. बाल्कनीखाली तर मुळीच नको. एकपात्रीला बाल्कनीखालची जागा सोडून कुठेही बसा, एकच माइक उघडा असतो, शिट्टी वाजायचं कारण नाही. तिथे कवळीमुळे 'स' शिट्टीसारखा येतो, पण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये थोडं दाबलं की जातो. ऑपरेटरने कान उघडे ठेवले तर.

काळी पाच

गाण्यांच्या कार्यक्रमाला जायच्या आधी तिकीट खिडकीवर विचारा, वादक किती. 'म्युझिक आहे' असं उत्तर आलं तर ट्रॅक. 'तबला, ढोलकी, बासरी, दोन की-बोर्ड' असं मोजून सांगितलं तर जा.

तिसरी घंटा

एकपात्रीचं तिकीट काढतो, तेवढ्यापुरतं तुमचं खरं. गाण्याला फोन करून वादक विचारले. खिडकीवरचा म्हणाला, 'साहेब, सगळं आहे, एलईडी पण आहे.'

काळी पाच

मग ट्रॅकच आहे.