सहावीनंतर कॉन्व्हेंटमधून जिल्हा परिषद शाळेत: टीसी अडली आहे, अभ्यासही मागे आहे

प्रश्न (पालक, केळापूर तालुका, यवतमाळ)
मुलगा सहावीत, तालुक्याच्या कॉन्व्हेंटला. इंग्रजी धडा धडाधडा वाचतो, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. मराठीत जोडाक्षर आलं की थांबतो. भागाकार कच्चा. जूनपासून सहा किलोमीटरवरच्या जि. प. शाळेत सातवीला टाकायचं ठरलं आहे, त्याचीही तयारी आहे. कापसाचा चुकारा उशिरा आला, फी थकली, म्हणून शाळा टीसी देत नाही. टीसीशिवाय प्रवेश होईल का? आणि एक वर्ग खाली बसवलं तर बरं का?

उत्तर (मुख्याध्यापक)
प्रवेश होतो. शिक्षणहक्क कायदा 2009 चं कलम 5 पाहा: जि. प. किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर जुन्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला (टीसी) लगेच द्यायचा आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. फीचा हिशेब वेगळा. हप्ते बांधून घ्या, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, पण त्यात दाखला गुंतू देऊ नका.

आता करायचं असं. जुन्या शाळेत दाखल्याचा लेखी अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच. तोंडी मागणीला काही अर्थ राहत नाही. जि. प. शाळेत प्रवेश अर्जासोबत जन्मदाखला, आधार, प्रगतिपत्रक आणि त्या पोचेची झेरॉक्स लावा आणि तिथल्या मुख्याध्यापकांना जुन्या शाळेला दाखला मागणीचं पत्र पाठवायला सांगा. आठवडाभरात हालचाल नाही झाली तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत दोन्ही कागद.

खरं घोडं अडतं ते ऑनलाइन नोंदीत. यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, जुन्या शाळेने मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकलं की नवी शाळा त्याचा पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि जन्मतारीख घालून त्याला आपल्याकडे ओढून घेते. पेन नंबर आत्ताच लिहून घ्या. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नसेल तर तेही आत्ताच दुरुस्त करा. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं, म्हणून कुठलीच शाळा पट सोडायला राजी नसते. हे काम जून-जुलैतच उरका.

दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा: जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आईचं नाव, जन्मगाव, जात-पोटजात. जातीच्या रकान्यात कधी नुसतं 'हिंदू' लिहिलेलं असतं आणि ते पुढे जात पडताळणीला अडतं. मूल शाळेत आहे तोवरच ही दुरुस्ती सोपी.

त्याचा प्रवेश आरटीईच्या, म्हणजे याच शिक्षणहक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून झाला असेल तर एवढं ध्यानात ठेवा की ती जागा एकदा सोडली की परत मिळत नाही.

उत्तर (विशेष शिक्षक, गटसाधन केंद्र)
खाली बसवू नका. सहावी पास असा शेरा असेल तर सातवीच. वर्ग खाली केल्याने भागाकार येत नाही, मूल फक्त खजील होतं. घाई दुसऱ्या कारणासाठी आहे. आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात. म्हणजे हातात एकच वर्ष आहे.

आधी तो नेमका कुठे अडतो ते काढा. बालभारतीचा दुसरीचा मराठी उतारा वाचायला द्या आणि दोन प्रश्न विचारा. तो नीट जमला तर तिसरीचा. जिथे अडेल तिथून सुरुवात, सातवीच्या पुस्तकातून नाही.

गणितात 612 ÷ 6 द्या. उत्तर 12 आलं तर पाढे कच्चे नाहीत, स्थानिक किंमत कच्ची आहे: एक दशक सहा जणांत वाटता येत नाही, तिथे शून्य लिहायचं असतं, ते गाळलं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि शंभराच्या जुड्या करून वाटायला लावा. सहा जुड्या वाटून होतात, एक गठ्ठा उरतो, तो सोडल्याशिवाय वाटता येत नाही. हे हाताने केलं की शून्य कुठून आलं ते दिसतं. उत्तर 102.

कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलांची आणखी एक चूक हमखास असते. बाई 'एकोणसाठ' म्हणतात, मूल 69 लिहितं. पद्धत येत असूनही उदाहरण चुकतं आणि शेरा 'गणित कच्चं' असा पडतो. एकोणीस, एकोणतीस ते एकोणनव्वद या 'एकोण'च्या संख्या रोज पाच मिनिटं ऐकून लिहायला लावा. 99 चं नाव निराळं, नव्व्याण्णव, ते वेगळं घ्या.

उन्हाळ्यात सकाळी ऊन चढायच्या आधी अर्धा तास पुरे: पंधरा मिनिटं वाचन, पंधरा गणित. आणि डोळे तपासा. फळा दिसत नसलेलं मूल महिनोन्‌महिने 'ढ' ठरतं. एवढं करूनही वाचन पुढे सरकत नसेल तर आमच्याकडे या, अध्ययन अक्षमतेची तपासणी कुठे करायची ते सांगतो. त्याआधी शिक्का मारू नका.

पालक
शाळेत सेमीही आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. सेमी घ्यावं की पूर्ण मराठी?

उत्तर (पदवीधर शिक्षक, गणित-विज्ञान)
सेमी. गणित-विज्ञानातले इंग्रजी शब्द त्याच्या तोंडात बसलेले आहेत, ते तोडायचं कारण नाही. इतिहास-भूगोल मराठीतून येईल, पहिले दोन-तीन महिने जड जाईल. तेवढ्यात चाचणीचे गुण पाहून घाबरू नका. वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात लेखी द्या: कुठल्या उताऱ्यावर अडतो, कुठलं उदाहरण चुकतं.

एसटीचा विद्यार्थी पास मुलांना सुमारे एक तृतीयांश भाड्यात पडतो. पाचवी ते बारावीच्या गावाकडच्या मुलींना तो अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, तो नियम त्याला लागू नाही. पास काढण्याआधी संध्याकाळची परतीची गाडी किती वाजता आहे ते डेपोत विचारा. शाळा सुटल्यावर दीड तास फाट्यावर बसावं लागत असेल तर सायकलच बरी.