काल पाहुण्यांना किती मिनिटं मिळाली? (क्लबच्या ग्रुपवरून)

सुधाताई, कार्यक्रम समिती (स. ९.१२): नमस्कार. काल रात्रीच लिहिणार होते, म्हटलं राग जरा निवू दे. निवला नाही. नेत्रपेढीच्या मॅडमना आपण २० मिनिटं सांगितली होती, मिळाली ९. घड्याळ बघून सांगतेय. २२ स्लाइड आणल्या होत्या त्यांनी. पाचवीवर थांबल्या, "बाकीचं पुन्हा कधीतरी" म्हणाल्या आणि स्वतःच वाकून पेनड्राइव्ह काढून घेतला. उठून मदत करायला एकही जण गेला नाही. फेब्रुवारीत झालं तेच पुन्हा.

नाना (९.१५): ताई, फेब्रुवारी नको. आत्ता कुठे खपली धरलीये.

अध्यक्ष (९.३१): ताई, सभा साडेसहाची. सात वाजता हॉलमध्ये पाच डोकी. सुरुवात कुणासमोर करायची? खुर्च्यांसमोर?

सुधाताई (९.३३): खुर्च्यांसमोर केली असती तरी चाललं असतं. निदान परिचय तरी लोक यायच्या आत उरकला असता. मी सहा ओळी लिहून दिल्या होत्या. तुम्ही १४ मिनिटं बोललात.

अध्यक्ष (९.३४): त्यांच्याच बायोडेटातलं वाचलं. पाहुण्यांचा मान राखायचा नाही का?

सुधाताई (९.३४): त्यांची शाळासुद्धा सांगितलीत. दोन वेळा.

बापूसाहेब (९.४०): मी वर्षभर सांगतोय. महिन्यातून दोनच सभा ठेवा. रोटरीनेसुद्धा २०१६ साली क्लबांना मोकळीक दिली. दर आठवड्याची सक्ती गेली, महिन्यातून किमान दोनदा भेटलं की झालं. आपण काय त्यांच्याहून मोठे लागून गेलो?

नंदूशेठ (९.५२): 🌹 शुभ सकाळ 🌹 वेळ ही सर्वात मोठी संपत्ती आहे 🙏

नाना (९.५३): नंदूशेठ, हे कालच्या सभेत वाचून दाखवायला हवं होतं.

नंदूशेठ (९.५५): काल यायला जमलं नाही. काय झालं?

सेक्रेटरी (१०.०५): नोंदीसाठी: सभासद ४६, हजर ११. त्यातले ३ जण पाहुण्या बोलायला उभ्या राहिल्यावर आले आणि २ जण त्याच वेळी गेले. वाढदिवस, अभिनंदन आणि सूचना मिळून २५ मिनिटं. कृपया सूचना ग्रुपवर टाका. सभेत वाचायला मलाही हौस नाही.

मीराताई (१०.११): मला खरंच ऐकायचं होतं हो. कुणाला काही टिपून घेता आलं का? माझ्या सासूबाईंनी नेत्रदानाचा फॉर्म भरलाय, पुढे काय करायचं ते घरात कुणालाच माहीत नाही.

डॉक्टर (१०.३०): मीराताई, नुसता फॉर्म भरून भागत नाही, हेच त्या सांगायला आल्या होत्या. फोन घरच्यांनीच करायचा असतो, संमतीही घरच्यांची लागते. म्हणून घरात सगळ्यांना माहीत हवं. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. टीम घरी येते, काम अर्ध्या तासात होतं.

मीराताई (१०.३२): पंख्याचं माहीत नव्हतं 🙏

डॉक्टर (१०.३४): बुबुळ सुकतं त्याने. हीच त्यांची सहावी स्लाइड होती. मी लॅपटॉपवर आधी बघून घेतली होती.

बापूसाहेब (१०.४१): हे सगळं ग्रुपवर वाचता आलं ना? मग वक्ता बोलवायचा कशाला? पॉल हॅरिसने १९०५ ला रोटरी सुरू केली तेव्हा चार जण आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटायचे. रोटरी हे नावच त्या आळीपाळीवरून. पाहुणे नाहीत, प्रोजेक्टर नाही. म्हणून म्हणतो, महिन्यातून दोनच.

नाना (१०.४२): बापूसाहेब, ते चौघंही वेळेवर यायचे.

डॉक्टर (१०.४८): बापूसाहेब, दुसरी बाजूही सांगतो. ३० जून १९२५ ला लायन्स क्लबच्या अधिवेशनात हेलन केलर बोलल्या, स्वतः अंध असलेल्या लेखिका. आंधळ्यांचे शिलेदार व्हा म्हणाल्या. लायन्स डोळ्यांच्या कामाकडे वळले ते त्या भाषणाने. वक्ता एकच होता.

नाना (१०.४९): परिचय किती मिनिटांचा झाला होता?

अध्यक्ष (१०.५०): नाना, टोमणा पोचला.

बापूसाहेब (१०.५५): खरं सांगू? कार्यक्रम समिती महिलांकडे गेल्यापासून हे मानापमानाचं नाटक वाढलंय.

मीराताई (१०.५६): अरे वा.

सुधाताई (१०.५७): बापूसाहेब, तुम्हाला रोटरीचा इतिहास आवडतो ना? हाही घ्या. १९८७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि १९८९ ला रोटरीने स्वतःच्या घटनेतली पुरुषांचीच अट काढली. तोवर ८४ वर्षं नाटक पुरुषच करत होते.

*बापूसाहेबांनी १०.५५ चा मेसेज डिलीट केला.*

नाना (११.०२): उशीर झाला बापूसाहेब, सेक्रेटरींनी इतिवृत्तात घेतला असेल.

सेक्रेटरी (११.०३): मी कशातच नाही.

बापूसाहेब (११.१०): ताई, बोलण्याचा हेतू तसा नव्हता. मुद्दा एवढाच की महिन्यातून दोनच सभा.

अध्यक्ष (दु. १.२०): जेवताना विचार केला. माझं चुकलं, वेळेचं भान राहिलं नाही. पण रिकाम्या हॉलसमोर मॅडमना उभं करायला जीव होईना, म्हणून बोलत राहिलो. लोक येतील म्हणून. हे कुणाच्या लक्षात आलं नाही याचं वाईट वाटतं.

सुधाताई (१.३४): आलं होतं लक्षात. मी दारात उभी राहून तेच मोजत होते.

सुधाताई (१.३६): मॅडमना फोन केला. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी यायला तयार आहेत. एकच अट घातली, सुरुवात त्यांच्या भाषणाने. वाढदिवस, सूचना सगळं नंतर. परिचय मी देणार, सहा ओळी. येणाऱ्यांनी अंगठा दाखवा.

👍 डॉक्टर 👍 मीराताई 👍 अध्यक्ष 👍 नाना

नंदूशेठ (१.५०): 👍 विषय काय आहे?

सेक्रेटरी (१.५८): बाकी राहू द्या. कालपासून हॉलची किल्ली सापडत नाहीये, वॉचमनचा तिसरा फोन आला. कुणाकडे आहे?

नाना (१.५९): अध्यक्षांना विचारा. परिचय संपला असेल तर देतील.