ॲमेझॉन क्रूझवर पिरान्हा धरायला नेतात, आईबाबांना झेपेल का?

सांगलीकर७७: पेरूत इकिटोसवरनं ॲमेझॉनची क्रूझ करायचा विचार चाललाय, त्यात छोट्या बोटीतनं पिरान्हा धरायला नेतात म्हणे. बाबांचा जन्म हरिपूरला संगमावर गळ टाकण्यात गेलाय, ते आत्ताच खूश, पण आई जाम घाबरलीय. कुणी गेलंय का?

कृष्णाकाठ: बिनधास्त न्या ओ. साधी काठी, तंगूस अन् गळाला कच्च्या मांसाचा तुकडा, गळाच्या वर तार असते कारण नुसता तंगूस ते दातानं कट्कन तोडतात. काठीचं टोक पाण्यात खळाखळा आपटायचं, आवाजानं मासा येतो, अन् टुकटुक लागलं की लगेच हिसका, थांबलात की आमिष साफ. मासा गाईडलाच सोडवू द्या, बोटीत पडलेला पण चावतो. आईंना नुसतं बसू दे.

मिरजवाली: जून ते नोव्हेंबर बघा, पाणी उतरलेलं असतं, एरवी मासे जंगलात शिरलेल्या पाण्यात पांगतात. आणि पिवळ्या तापाची लस निदान १० दिवस आधी, सर्टिफिकेट नसलं तर परत येताना भारतात क्वारंटाइन करतात. वय ६० च्या पुढं असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच.

सांगलीकर७७: बाबा ६६ चे, विचारतो. खाता येतो का पण?

कृष्णाकाठ: हो, तळून. काटे लई, चव भारी.