म्हणे कष्टाळू बाई मोर्चाला जात नाही!

केप्याची लेक:
काल एका गृहस्थांची पोस्ट फिरत होती. 'आमच्या गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप या आदिवासी बायका मुळात कष्टाळू. मोर्चे काढणं रिकामटेकड्यांचं काम. कुणबी साडी, खोला मिरची, बचत गट बघा, ती खरी प्रगती.' खाली अंगठ्यांचा पाऊस.

बाब, ती मिरची काणकोणात डोंगराच्या उतरणीवर होते, निव्वळ पावसावर. 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, फोटो छापून आले. उतरण कुणाच्या नावावर आहे, हे कुणी विचारलं नाही. लावायची, बेणायची, तोडायची, अंगणात वाळत घालायची आणि आभाळ भरलं की हातातलं टाकून गोळा करायला धावायचं, हे सगळं बाईनेच. आमच्या केप्यातल्या कावरे गावच्या लोकांनी खाणीविरुद्ध दंड थोपटले, तेव्हा बायका घरात बसल्या होत्या का? झर आटली तर आधी कळशी घेऊन लांब जावं लागतं ते तिलाच. मोर्चाला येते ती दिवसाची हजेरी बुडवून. रिकामटेकडी म्हणे!

फोंडेकार:
पोस्ट माझी नाही, पण त्यात तथ्य आहे. 2011 चं बाळ्ळीचं आंदोलन आठवा, एसटीच्या म्हणजे अनुसूचित जमातींच्या हक्कांसाठीचं. 25 मे, दोन तरुण पोरगे जिवानिशी गेले. त्यानंतर जे पुढारी झाले त्यात बायका किती? रस्त्यावर बसायला बायका, माईक धरायला पुरुष. त्याला तुम्ही भूमिका म्हणा, मी गर्दी म्हणतो.

तिसवाडीकर:
सत्तरीतल्या मेळावली गावाचं काय मग? जानेवारी 2021, आयआयटीच्या जागेच्या मोजणीला आलेल्या पोलिसांपुढे बायकाच होत्या. सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला.

फोंडेकार:
मेळावलीच्या सगळ्या बायका एसटी आहेत असं कुणी सांगितलं? सोयीचं दिसलं की ओढायचं आपल्या खात्यात.

सांग्याचा वारा:
एसटीचा विषय निघालाच आहे तर ऐका. 2003 मध्ये गावडा, कुणबी, वेळीप यादीत गेले. आम्ही धनगर-गवळी अजून फायलीतच. माझी आई डोंगरावरून दुधाची किटली डोक्यावर घेऊन उतरायची. ती कष्टाळू नव्हती की आदिवासी नव्हती? तुमच्या धाग्यात आमचं नाव कधी येतच नाही.

केप्याची लेक:
भाऊ, तुमची मागणी रास्त आहे. पण आमच्या बायकांनी ती अडवलेली नाही.

म्हापशाचा ग्राहक:
एक सांगू? कष्ट-बिष्ट ठीक, पण भाव बघा. खोला म्हणून मडगावात कसलीही लाल मिरची गळ्यात मारतात. अळमी, म्हणजे रानातली अळंबी, तर पानात मोजून ठेवतात आणि भाव सोन्याचा. परवा रस्त्याकडेच्या बाईला थोडं कमी कर म्हटलं, तर पुडी उचलून टोपलीत ठेवली!

काणकोणची सून:
बरं केलं तिने.

केप्याची लेक:
माझी मावशी अळमी विकायची. पहाटे काळोखात बॅटरी घेऊन निघायची, रोयण, म्हणजे अळमी उगवते ते वारूळ, कुठे फुटलीय ते शोधत. पायाला जळवा, साडी गुडघ्यापर्यंत ओली. पहिली बस चुकली तर माल काळा पडतो, मग तुम्हीच नाक मुरडणार. मॉलमध्ये छापील किमतीपुढे तोंड उघडत नाही ना तुमचं?

म्हापशाचा ग्राहक:
मॉलमध्ये पावती मिळते. इथे दोन अळमी कुजकी निघाली तर तक्रार कुणाकडे करू?

काणकोणची सून:
रोयणीकडे करा.

तिसवाडीकर:
खोट्या मिरचीचं मात्र खरं आहे. पण ती विकतात दुकानवाले. घरची मिरची विकणारी बाई गिऱ्हाईकाला फसवून पुढच्या आठवड्यात त्याच जागी बसेल का?

म्हापशाचा ग्राहक:
बसतात, बसतात. मी बघितलंय.

फोंडेकार:
चर्चा भाजीबाजारात पोचली. माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही.

केप्याची लेक:
देते. रानातल्या जमिनीवर आदिवासींचा हक्क मानणारा वनहक्क कायदा 2006 चा. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे त्यासाठीच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका लागतात, नाहीतर कोरमच नाही. म्हणजे बाईशिवाय ठराव होत नाही. आमच्याकडच्या सभेत काय व्हायचं तेही सांगते. बायकांना बोलावणं यायचं, सह्या व्हायच्या, आणि 'आता तुम्ही गेलात तरी चालेल, भात टाकायचा असेल ना?' एकदा माझी मावशी उठलीच नाही. म्हणाली, काजूच्या झाडांची हद्द मला पाठ आहे, नकाशा काढणाऱ्याला नाही. हद्द तिनेच दाखवली. कागदावर नाव काकांचं लागलं. तेव्हा पुढारी पुरुष झाले हे तुमचं म्हणणं, घ्या, दिलं तुम्हाला. पण ती गर्दी नव्हती.

फोंडेकार:
मग तेच तर म्हणतोय मी.

केप्याची लेक:
नाही, तुम्ही गर्दी म्हणालात. वर जाऊन वाचा.

फोंडेकार:
बरं बाई, गर्दी शब्द मागे. आता हे सांगा: गोव्याच्या 40 आमदारांत एसटीला एकही राखीव जागा नव्हती, 2025 मध्ये संसदेने त्या जागांसाठीचं विधेयक मंजूर केलं. जागा आल्या की तुमचेच समाजबांधव बाईला तिकीट देणार का?

केप्याची लेक:
समाजबांधवांवर माझा तुमच्याइतकाच विश्वास आहे.

सांग्याचा वारा:
त्या जागांतही आम्ही नाही, याची नोंद असू द्या.

म्हापशाचा ग्राहक:
काणकोणची सून, खरी खोला मिरची थेट कुणाकडे मिळेल? निरोप करा. भाव करणार नाही.

काणकोणची सून:
करणार. मला माहीत आहे.